अँपमधली शिट्टी

माझ्या सासऱ्यांना त्यांच्या खात्यात कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्यांना ‘कान’ म्हणत. ‘कानांना पाठवा’, ‘कान येऊन गेले का’, ‘कान नाही म्हणालेत ना, मग नाही’, असं चालायचं. ते शहराच्या पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायचं काम करत. जमिनीखालचा नळ कुठे फुटलाय, हे रस्ता न खणता सांगायचं. त्यांचं हत्यार म्हणजे छातीएवढी उंच पोलादी सळई आणि तिच्या वरच्या टोकाला लाकडाची गुळगुळीत वाटी. सळईचं खालचं टोक नळाच्या लोखंडावर टेकवायचं, वाटीला कान लावायचा आणि डोळे मिटून घ्यायचे. पाणी कुठे निसटत असेल तर त्याचा आवाज लोखंडातून वर चढतो. खात्यात पुढे हेडफोनचं यंत्रही आलं. बाबा ते रोज गाडीत घालून नेत आणि रोज गाडीतूनच परत आणत.

लग्न होऊन मी या घरात आले आणि थोड्याच दिवसांत माझा नवरा जहाजावर निघून गेला. त्याची नोकरीच तशी. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. त्यामुळे संध्याकाळी घरी आम्ही तिघंच असायचो, बाबा, आई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी. आणि चौथा म्हणजे बाबांचा अँप्लिफायर, गाण्याचा आवाज मोठा करून स्पीकरला देणारी पेटी. आम्ही तिला नुसतं ‘अँप’ म्हणायचो.

जिन्याखालच्या खोलीत बाबा तो स्वतःच्या हाताने बांधत होते. आजकालचा नाही, जुन्या पद्धतीचा, ज्यात काचेचे दिव्यासारखे व्हॉल्व्ह असतात आणि चालू केल्यावर ते मंद नारिंगी उजळतात. बाबांचं म्हणणं साधं होतं. दिवसभर रस्त्यावर नळांची सूंसूं ऐकायची, तर घरी आल्यावर असं गाणं ऐकायला मिळावं की ज्यात गाण्याशिवाय दुसरं काहीच नाही.

आई म्हणायच्या, ‘‘ऑफिसात व्हॉल्व्ह, घरातही व्हॉल्व्ह. माझ्या नशिबाला नुसते व्हॉल्व्ह लिहिलेत.’’

पहिल्यांदा तो वाजला तेव्हा गाण्यामागे सतत एक ‘घूं’ ऐकू येत होतं. माशी बाटलीत अडकावी तसं. बाबांनी दोन संध्याकाळी त्या घूंच्या मागे काढल्या आणि मग मला हाक मारली.

‘‘तुला वेणी घालता येते ना?’’

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण नाही. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या दोन वायरी सरळ गेल्या होत्या, त्यांना एकमेकींभोवती घट्ट पीळ द्यायचा होता. एकीचा त्रास दुसरी खाऊन टाकते, असं ते म्हणाले. मी पीळ दिला. त्यांनी परत सोल्डर केलं, चालू केलं, आणि घूं खरंच गेलं. मला एवढं आश्चर्य वाटलं की मी त्या पेटीच्या खाली वाकून बघितलं, जसं काही ते तिथे पडलेलं सापडणार होतं.

त्यानंतर एकदा आम्हा तिघांची चांगलीच दातखीळ बसली. मी स्वयंपाकघरात होते. ‘आ’ असा एकच आवाज आला आणि पाठोपाठ काहीतरी भिंतीवर आपटलं. आम्ही दोघी धावलो. बाबा जमिनीवर बसलेले. चेहरा चुन्यासारखा पांढरा. उजवा हात डाव्या हातात धरलेला आणि स्क्रू ड्रायव्हर पार दाराशी. मी आधी प्लगकडे बघितलं. तो भिंतीतून काढलेला होता, वायर मोकळी जमिनीवर लोळत होती.

‘‘अहो! काय झालं?’’ आई ओरडल्या.

‘‘प्लग काढलाय गं,’’ बाबा म्हणाले. ते आईला सांगत नव्हते, स्वतःलाच समजावत होते. ‘‘प्लग काढलाय मी.’’

आत कपॅसिटरमध्ये वीज साठून राहिली होती. प्लग काढला तरी ती तिथेच बसून असते, कोणीतरी हात लावायची वाट बघत. त्यांना हे ठाऊक होतं, नुसतं घाईत विसरले होते. आईंनी त्यांना पाणी दिलं, आणि ग्लास रिकामा व्हायच्या आत कायदा केला: यापुढे पेटी उघडी असताना डावा हात पँटच्या खिशात. म्हणजे झटका बसलाच तर तो छातीतून आरपार जाणार नाही. हे आईंना कोणी सांगितलं कुणास ठाऊक. पण बाबांनी त्या दिवसापासून तो हात खिशातून काढला नाही, आणि साठलेली वीज आपोआप उतरून जाईल असा एक रेझिस्टरही आत बसवून टाकला.

मग पेटी पूर्ण झाली. बाबांना नीटनेटकेपणाची भारी हौस. आतल्या सगळ्या मोकळ्या वायरी त्यांनी एका जुडीत घेतल्या, दोऱ्याने बांधल्या, वर झाकण लावलं. आणि तिथूनच बिघडलं.

एक व्हॉल्व्ह वाजवीपेक्षा जास्त तापायला लागला. त्याच्या आतली धातूची पट्टी काळीच असायला हवी, ती लालसर दिसायला लागली. गाणंही थकल्यासारखं येत होतं. बाबांनी दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह एकमेकांच्या जागी लावून बघितले. लाली व्हॉल्व्हबरोबर गेली नाही, जुन्या जागीच राहिली. म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष, दोष त्या जागेचा. मग रेझिस्टर तपासले, कपॅसिटर बदलला, प्रत्येक सांध्यावर पेन्सिलीचं लाकडी टोक टकटक वाजवून सैल जोड शोधला. सगळं ठीकठाक. पट्टी मात्र लालच.

आणि मला ती शिट्टी ऐकू येत होती.

आवाजाचं बटण थोडं पुढे नेलं की सुरू व्हायची. बारीक, टोकदार, कानात सुई घातल्यासारखी. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाबा त्याच्यावरच काम करतायत, आपण कशाला मध्ये बोलायचं. दुसऱ्या दिवशीही ते शिट्टीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत, तेव्हा मी विचारलं, ‘‘बाबा, ही शिट्टी कसली?’’

‘‘कुठली शिट्टी?’’

‘‘ही. आत्ता वाजतेय ती.’’

त्यांनी स्पीकरला कान लावला, डोळे मिटले. मी कानांवर हात ठेवायच्या बेतात होते, आणि ते शांतपणे ऐकत राहिले. मग हसून म्हणाले, ‘‘पोरी, डोळ्यांचं तू सांग, मी ऐकेन. कानाचं मला सांगू नकोस.’’

सुनेने सासऱ्यांना, त्यातही ज्यांना सगळं खातं ‘कान’ म्हणतं त्यांना, आणखी काय सांगायचं? आईंना शिट्टी ऐकू येते का, तेही विचारून बघितलं. त्या म्हणाल्या, ‘‘शिट्टी-बिट्टी माहीत नाही. त्या खोलीत गेलं की डोकं चढतं एवढं खरं.’’

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर बाबा चिडलेले होते. गाणं बंद होतं. रेकॉर्डप्लेअरची वायरसुद्धा काढून ठेवलेली. अँप मात्र चालू. मीटरच्या दोन तारा त्यांनी स्पीकरच्या टोकांना लावल्या होत्या आणि मीटरचा काटा सरळ उभा राहिला होता.

‘‘हे बघ,’’ ते म्हणाले. ‘‘गाणं नाही, काही नाही. स्पीकरवर काहीच यायला नको. मग हा काटा कशाने चढलाय?’’

‘‘शिट्टीने,’’ मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चहा हातातून घेतला नाही. म्हणाले, ‘‘तिकडे तोंड कर. भिंतीकडे. मी बटण फिरवतो. तुझी शिट्टी आली की हात वर कर, गेली की खाली.’’

मला कळलं की माझी परीक्षा चाललीय. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. शिट्टी आली, हात वर केला. गेली, खाली केला. परत आली, परत वर. कधी ते पटकन फिरवत, कधी इतकं हळू की शिट्टी जागी होते का नाही अशा काठावर यायची. बराच वेळ झाला, शिट्टी नुसती वाजत राहिली आणि माझा हात वर अवघडला, तेव्हा मी वळून बघितलं.

बाबा काट्याकडे बघत होते. त्यांचा डावा हात खिशातून बाहेर आला होता आणि मांडीवर पालथा पडला होता.

‘‘प्रत्येक वेळी,’’ ते म्हणाले. ‘‘काटा चढला की तुझा हात वर. एकदाही चुकली नाहीस.’’ मग त्यांनी स्पीकरकडे बोट केलं. ‘‘आत्ता वाजतेय?’’

‘‘हो बाबा.’’

‘‘मोठ्याने?’’

मला रडू यायला लागलं. दुकानात अशी माणसं येतात, ज्यांनी तक्त्यावरची अक्षरं आधीच पाठ केलेली असतात. मी तक्ता बदलते आणि मग त्यांचा चेहरा होतो तो चेहरा मला चांगला माहितीये. पण तक्ता पाठ करणाऱ्यांना आतून ठाऊक असतं. बाबांना ठाऊक नव्हतं. त्यांना आत्ता, या खोलीत, माझ्या हाताकडे बघून कळत होतं.

‘‘हो. मोठ्याने,’’ मी म्हणाले.

त्यांनी अँप बंद केला. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील, नाहीतर मला जायला सांगतील. ते उठले, दाराशी गेले, परत आले, आणि एकदम त्यांचा चेहरा आणखीच उतरला. ‘‘बेकरी,’’ ते म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘बेकरीवाल्याच्या तळघराला ओल आली होती. मी जाऊन ऐकून आलो. गळती नाही म्हणून सांगितलं.’’ ते चपला शोधत होते आणि चपला पायातच होत्या. ‘‘लोखंडी नळाला बारीक भोक पडलं की तो असाच वाजतो. बारीक. शिट्टीसारखा. तू चल. आत्ता चल माझ्याबरोबर.’’

आईंनी विचारलं, कुठे निघालात? बाबांनी दारामागची सळई उचलली. मी घरातल्या कपड्यांवरच त्यांच्यामागे गेले.

बेकरी दोन गल्ल्या सोडून होती. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, आणि बेकरीसमोर पावाची मोठी गाडी उभी, पाठ उघडी, माल भरणं चाललेलं. बाबांनी फुटपाथवरचं लहान लोखंडी झाकण उचललं, सळई आत टेकवली आणि वाटीला कान लावला. डोळे मिटले. मी त्यांना असं काम करताना कधी बघितलं नव्हतं. किती शांत दिसत होते ते.

‘‘काही नाही,’’ ते म्हणाले, आणि बाजूला झाले. ‘‘तू ऐक.’’

लाकूड त्यांच्या कानाने अजून कोमट होतं. मी कान लावला आणि झटकन मागे झाले.

‘‘काय झालं?’’

‘‘बाबा, केवढा आवाज आहे!’’ कोणीतरी दातांच्या फटीतून न थांबता ‘स्स्स’ करत होतं. इतकं जवळ की माझ्या मानेवर काटा आला.

बाबांनी परत एकदा स्वतः कान लावला. ते ऐकत होते, मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी हळूच मान हलवली. नाही. मग ते मला पुढच्या झाकणाकडे घेऊन गेले, मग त्यापुढच्या, मग पलीकडे. ‘‘इथे कमी का जास्त? आणि इथे?’’ मी सांगत गेले, ते खडूने खुणा करत गेले. सगळ्यात जोराचा आवाज जिथे होता ती जागा पावाच्या गाडीच्या खाली येत होती.

बेकरीवाला बाहेर आला. ‘‘काय हो, तुम्हीच तर गळती नाही म्हणून सांगून गेलात. मी भिंतीला नवा रंगसुद्धा दिला.’’

‘‘चुकलं माझं,’’ बाबा म्हणाले. ‘‘आधी गाडी काढा.’’

‘‘अर्धी भरलीये, एवढी भरू दे की—’’

‘‘गाडी काढा!’’

मी त्यांचा तो आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. ड्रायव्हर हातातला ट्रे तसाच टाकून आत चढला. गाडी गेल्यावर बाबा भर रस्त्यात दोन्ही हात पसरून उभे राहिले. मागून आलेल्यांनी हॉर्न वाजवले, एकाने खिडकीतून डोकं काढून शिव्या घातल्या. बाबा हलले नाहीत. फोन मला करायला लावला, त्यांच्या इंजिनियरसाहेबांना.

साहेब घरच्या टी-शर्टमध्ये आले. तरुण, बिचारे सुट्टीच्या दिवशी धावत आलेले. म्हणाले, ‘‘पण कान, तुम्हीच इथे गळती नाही म्हणून सांगितलं होतंत.’’

‘‘मला ऐकू येत नाही,’’ बाबा म्हणाले.

साहेब हसले. त्यांना वाटलं, हॉर्नच्या आवाजात बोलणं ऐकू गेलं नाही असं म्हणतायत. ते मोठ्याने परत तेच बोलले.

‘‘साहेब, तुम्ही बोललात ते ऐकलं. नळाचं ऐकू येत नाही. मला ऐकू येईनासं झालंय.’’

भर रस्त्यात, बेकरीवाल्यासमोर, खिडक्यांतून डोकावणाऱ्या लोकांसमोर ते हे म्हणाले. साहेबांचं हसू तसंच ओठांवर राहिलं आणि मग हळूहळू गेलं. त्यांनी स्वतः सळईला कान लावला. मग फोन काढून खणणाऱ्यांना बोलावलं.

खणणारी माणसं आली. रस्ता दोन्हीकडून बंद केला. डांबर फोडायच्या मशीनची छिन्नी एकाने खडूच्या खुणेवर टेकवली, सुरू केली, आणि ती अडलीच नाही. लोण्यात सुरी जावी तशी मुठीपर्यंत आत गेली. तो माणूस पुढे कोलमडला, दोघांनी त्याला कमरेला धरून मागे ओढलं. त्याच वेळी डांबराचा दरवाजाएवढा तुकडा खाली गेला. आवाज लगेच आला नाही. मग खालून पाण्यात पडल्याचा धप्प आवाज आला.

साहेबांनी आडवं झोपून कडेवरून टॉर्च मारला. खाली खोली होती. खरंच सांगते, आमच्या जिन्याखालच्या खोलीहून मोठी. पाण्याने माती धुऊन धुऊन जुन्या गटारात नेली होती, आणि वर उरली होती नुसती डांबराची पापडी. मधोमध नळ अधांतरी लोंबत होता. त्याच्या पोटातून सुतासारखी एक धार आडवी उडत होती. इतकी बारीक धार, आणि तिने एवढं सगळं पोखरलं होतं. पापडीवर, अगदी कडेला, पावाच्या गाडीखाली रोज टपकणाऱ्या तेलाचा काळा डाग होता.

बेकरीवाला आपल्या पायरीवर मटकन बसला. त्याचा ड्रायव्हर टोपी हातात घेऊन उभा होता. बाबा सळईच्या आधाराने पुढे झाले, खाली बघितलं, आणि बघतच राहिले. मी त्यांचा दंड धरून त्यांना कडेपासून मागे घेतलं.

पुढे कानाच्या डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली. रेघ बरंच अंतर सरळ जात होती आणि मग कडा तुटावा तशी खाली. वय, आणि वर्षानुवर्षं रस्ते फोडणाऱ्या मशीनशेजारी उभं राहणं, असं डॉक्टर म्हणाले. माणसाचं बोलणं बऱ्यापैकी ऐकू येतं, म्हणून घरात कोणाच्या लक्षात येत नाही. ज्याचे कान, त्याच्याही लक्षात येत नाही.

बाबांनी साहेबांना सांगितलं, मी अलीकडे जिथे जिथे नाही म्हणून आलो ते सगळे रस्ते परत ऐकायला हवेत. साहेब म्हणाले, ‘‘कोणाची तक्रार तर नाही. सावकाश बघू.’’ बाबा त्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि उठेचनात. शेवटी साहेबांनी एक मुलगी दिली, नुकतीच खात्यात लागलेली. ती सळई लावून ऐकायची. बाबा रस्त्यातली रहदारी थोपवायचे आणि कुठे ऐकायचं ते दाखवायचे. आणखी काही ठिकाणी गळती निघाली, पण त्या साध्या होत्या. त्यांच्याखाली जमीन जागेवर होती. प्रत्येक वेळी खणून होईपर्यंत बाबा श्वास रोखून उभे असत, असं ती मुलगी मला म्हणाली.

त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते भलतंच. पहिल्या दिवशी ते खात्यात गेले तेव्हा कोणी त्यांना ‘कान’ म्हटलं नाही. काय म्हणावं हेच लोकांना सुचेना, म्हणून कोणी कुठल्याच नावाने हाक मारली नाही. घरी येऊन जेवताना म्हणाले, ‘‘आज दिवसभर सगळे मला ‘अहो’ म्हणत होते.’’ आणि हात धुवायला उठून गेले.

अँपला त्यांनी कितीतरी दिवस हात लावला नाही. मग एकदा आपणहून मला बोलावलं. झाकण काढलं, डावा हात खिशात घातला, आणि एका कोरड्या लाकडी काडीने वायरींची ती सुबक जुडी इकडून तिकडे सरकवायला लागले. ‘‘सांग,’’ म्हणाले. जुडी सरकली तशी शिट्टी बदलली. स्पीकरकडे जाणारी वायर आणि गाणं आत आणणारी वायर एकमेकींना चिकटून बांधल्या गेल्या होत्या. बाहेर पडलेला आवाज परत आत शिरत होता आणि गोल गोल फिरत शिट्टी होत होता, आणि त्या शिट्टीच्या भारानेच व्हॉल्व्ह तापत होता. त्यांनी प्लग काढला, थांबले, मीटर लावून आत वीज उरली नाही हे बघितलं आणि दोरा कापला. एक वायर या कडेने, दुसरी त्या कडेने. परत चालू केल्यावर काटा पडून राहिला, पट्टी काळी झाली. मी म्हणाले, गेली. ते म्हणाले, ‘‘मला काय कळणार? तू म्हणतेस म्हणजे गेली.’’ कडवटपणा नव्हता त्यात. पण मला तिथे उभं राहवलं नाही.

त्यांच्या कानांत यंत्रं बसवली तो दिवस मात्र वेगळाच गेला. दवाखान्यातून घरापर्यंत ते दचकत दचकत आले. कागदाचा आवाज, स्वतःच्या बाह्यांचा आवाज, नळातून थेंब पडल्याचा आवाज. ‘‘एवढं सगळं चालू असतं?’’ असं दर दोन मिनिटांनी विचारायचे. घरी आल्यावर खुर्चीत बसले आणि नेहमीसारखं आईंना म्हणाले, ‘‘अगं, जरा चहा टाकतेस?’’

आई उठल्या, स्वयंपाकघराकडे वळल्या, आणि पाठमोऱ्याच पुटपुटल्या, ‘‘हो, मी बसलेच आहे तुमच्या चहासाठी जन्म घेऊन.’’

बाबा खुर्चीतून अर्धे उठले. ‘‘काय म्हणालीस?’’

आई दारातच थिजल्या. हळूच वळल्या.

‘‘तुम्हाला ऐकू आलं?’’

‘‘आलं. तू... तू हे नेहमी म्हणतेस?’’

आईंनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे बघितलं.

‘‘रोज,’’ आई म्हणाल्या.

‘‘रोज?’’ बाबा खाली बसले. ‘‘आणि मी काय करतो?’’

‘‘काय करणार? वर्तमानपत्र वाचता.’’

बाबा उठले, आईंच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभं राहून म्हणाले, ‘‘आणखी काय काय म्हणतेस, ते आज सगळं सांग.’’

चहा उतू गेला तरी आईंचं संपलं नव्हतं.